पूर्वजांच्या पाटीचं प्रकरण

26 मार्च 1693 रोजी शार्ल मेग्रो यांनी चीनच्या फुजियान प्रांतातल्या मिशनऱ्यांसाठी एक हुकूम काढला. मेग्रो हे फ्रेंच धर्मगुरू, आणि त्या प्रांतातल्या कॅथलिकांचा कारभार रोमने त्यांच्याकडे सोपवला होता. ख्रिस्ती माणसाने कन्फ्यूशियसच्या आणि पूर्वजांच्या पूजाविधींत भाग घेऊ नये, आणि घरातल्या पूर्वजांच्या पाट्यांवर आत्म्याचं आसन अशा अर्थाचा मजकूर ठेवू नये, असं त्यात बजावलं होतं. 1656 साली रोमने काही विधींना दिलेली परवानगी चुकीच्या माहितीवर आधारलेली होती, असंही त्यात म्हटलं होतं.

वर्षभरापूर्वीच, 1692 साली, बादशहा कांग्शीने ख्रिस्ती उपासनेला अधिकृत मोकळीक दिली होती. देशात तेव्हा सुमारे 2 लाख ख्रिस्ती होते. मिशनऱ्यांना इतके चांगले दिवस त्याआधी कधीच आले नव्हते. असं असताना तीस-पस्तीस वर्षांच्या आत सगळं विस्कटलं. इतिहासात या प्रकरणाला चिनी विधींचा वाद म्हणतात. जेझुइट विरुद्ध डॉमिनिकन, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचे दोन संघ एकमेकांविरुद्ध, किंवा पोप विरुद्ध बादशहा, अशी त्याची मांडणी बहुतेक ठिकाणी सापडते. मला त्यात तिसरा पक्ष सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरात ती पाटी उभी होती, त्या चिनी ख्रिस्ती माणसाचा. निकाल त्याच्या घराबद्दल लागत होता आणि निकाल देणाऱ्यांनी त्याच्या साक्षीला वजन दिलं नाही.

आधी ती पाटी नीट पाहिली पाहिजे. वीत-दीड वीत उंचीची, अरुंद, उभी लाकडी पाटी, खाली बैठक. तिच्यावर मृताचं नाव आणि शेवटी त्या आत्म्याचं हे स्थान अशा अर्थाची अक्षरं. त्यातल्या शेवटच्या अक्षराचा वरचा ठिपका मुद्दाम मोकळा ठेवलेला असे. अंत्यविधीच्या वेळी गावातला प्रतिष्ठित माणूस, शक्यतो सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेला, लाल रंगाने तो ठिपका देई. मग पाटी घरातल्या चौथऱ्यावर किंवा कुळाच्या मंदिरात जुन्या पाट्यांच्या रांगेत जाऊन बसे. आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या पाटीची घरातली जागा समजावून सांगावी लागणार नाही. पुण्यतिथीला आणि सणासुदीला तिच्यापुढे धूप, मेणबत्त्या, भात, मांस, मद्य ठेवायचं. थोरला मुलगा पुढे, बाकीचे मागे. सगळ्यांनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं.

जो मुलगा यातून अंग काढून घेई, त्याचं कुळातलं स्थानच डळमळत असे. फुजियानसारख्या प्रांतात कुळाची सामाईक जमीन होती, कुळाच्या वंशावळी होत्या, सोयरीकही कुळाच्या इभ्रतीवर ठरे. परीक्षा देऊन पदवी मिळवलेल्या माणसापुढे आणखी एक पेच होता. कन्फ्यूशियसच्या मंदिरात जाऊन नमन करणं हा त्याच्या पदाचाच भाग होता. नमन नाही तर पद नाही. बायका आणि धाकटे भाऊ तर थोरल्याच्या निर्णयाला बांधलेलेच. म्हणून पाटीचा प्रश्न एकट्या माणसाच्या श्रद्धेपुरता कधीच नव्हता.

या पाटीकडे समजून घेत पाहणाऱ्या पहिल्या मिशनऱ्यांत इटालियन जेझुइट मात्तेओ रिची यांचं नाव येतं, आणि रिचींची सुरुवात गोव्यातली आहे. ते 1578 च्या सप्टेंबरात गोव्यात उतरले, 1580 साली कोचीनला त्यांचा धर्मगुरू म्हणून दीक्षाविधी झाला आणि 1582 साली ते माकावला गेले. मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले ते 1579 साली, म्हणजे याच काळात. गोव्यात असताना, 1581 च्या नोव्हेंबरात, रिचींनी रोममधल्या आपल्या संघप्रमुखांना एक पत्र लिहिलं. इथल्या विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकू द्यायचं नाही, असं धोरण तेव्हा ठरत होतं. शिकले की डोक्यावर बसतील, हा त्यामागचा युक्तिवाद. एकोणतीस वर्षांच्या रिचींनी त्याला हरकत घेतली. गर्वाची भीती दाखवून शिक्षण नाकारायचं, तर मग युरोपातल्या विद्यार्थ्यांनाही नाकारावं लागेल, असा त्यांचा रोख होता. चीनमधल्या त्यांच्या सगळ्या कामाआधी मी हे पत्र ठेवतो, कारण समोरच्या माणसाच्या बुद्धीवर विश्वास ठेवायचा हे त्यांचं आधीच ठरलेलं दिसतं.

1583 साली दक्षिण चीनमधल्या झाओचिंगला पोहोचल्यावर त्यांनी बौद्ध भिक्षूंचा वेश घेतला. विद्वान वर्गात भिक्षूंना फारसा मान नाही हे लक्षात आल्यावर 1595 साली तो सोडून त्यांनी पंडितांचा झगा घातला. 1601 साली ते बीजिंगला पोहोचले. नंतर बडे अधिकारी झालेले शू ग्वांगची 1603 साली ख्रिस्ती झाले. पुढे 1607 साली त्यांनी रिचींसोबत युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं चिनी भाषेत आणली. अधिकारी असलेल्या ली झीझाओ यांनी जगाचा नकाशा छापायला मदत केली, पण त्यांचा बाप्तिस्मा 1610 पर्यंत लांबला. घरात उपपत्नी होती, आणि ती गोष्ट रिचींनी चालवून घेतली नाही. रिची सगळंच पदरात घेत होते असं म्हणणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

पाटीबद्दल त्यांनी विद्वानांना विचारलं. उत्तर मिळालं ते असं: मेलेला माणूस जेवत नाही हे आम्हालाही कळतं, पण प्रेम आणि कृतज्ञता दाखवायला दुसरी रीत आमच्याकडे नाही, शिवाय मेलेल्या आईबापांना एवढा मान मिळतो हे पाहून मुलं जिवंत आईबापांना मान द्यायला शिकतात. ही मूर्तिपूजा नाही, असा निष्कर्ष रिचींनी काढला. पण लगेच पुढे अशीही नोंद केली, की ख्रिस्ती झाल्यावर हा खर्च आत्म्यांच्या नावे गरिबांना दान करण्याकडे वळवता आला तर अधिक बरं. या दुसऱ्या वाक्याकडे दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष केलं. प्रथा उखडायची नाही, हळूहळू तिचा प्रवाह वळवायचा, असा तो मार्ग होता, आणि त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा धीर लागला असता.

1632 नंतर फिलिपाइन्समार्गे स्पॅनिश डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरू फुजियानमध्ये आले. ते राहिले फूआनच्या परिसरात, छोट्या शहरांत आणि खेड्यांत. त्यांनी पाहिलेला विधी बीजिंगच्या पंडितांनी वर्णन केला तसा नव्हता. फ्रान्सिस्कन फादर काबाल्येरो चिनी शिकत होते. पूर्वजांसमोर जे अर्पण करतात ते नेमकं काय असतं, असं त्यांनी शिक्षकाला विचारलं. तुम्ही मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करता तसंच, असं शिक्षकाने समजावलं. काबाल्येरो हादरले. मग त्यांनी आणि डॉमिनिकन फादर मोरालेस यांनी एका घराण्याचा विधी प्रत्यक्ष पाहिला. फुलं, मेणबत्त्या, मांसाचे नैवेद्य, गुडघे टेकलेली माणसं हे सगळं त्यांना दिसलं.

इथे मी डॉमिनिकनांच्या बाजूने बोलेन, कारण त्यांना अडाणी आणि हटवादी ठरवून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. गावातला शेतकरी पाटीपुढे खरोखर मागणं मागत होता. पीक येऊ दे, मुलगा होऊ दे, रोग टळू दे. त्याच्या लेखी पूर्वज तिथे येऊन बसलेला होता, आणि लाल ठिपक्याचा अर्थ त्याला विचारला असता तर त्याने तेच सांगितलं असतं. पंडितांसाठी तो आदर होता आणि शेतकऱ्यासाठी उपासना. एकाच पाटीबद्दल दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जेझुइटांनी वरच्या वर्गाचा चीन पाहिला आणि तोच सगळा चीन मानला. फूआनच्या धर्मगुरूंनी एका कोपऱ्यातला चीन पाहिला आणि तेच केलं.

मोरालेस यांनी रोमपुढे प्रश्न मांडले आणि 1645 साली बंदीचा निकाल आला. जेझुइटांतर्फे मार्टिनो मार्टिनी रोमला गेले, वेगळं वर्णन केलं, आणि 1656 साली परवानगीचा निकाल आला. या दोन्हींतला खरा कुठला, असं विचारल्यावर 1669 साली उत्तर मिळालं की दोन्ही लागू, परिस्थिती पाहून वागावं. अनेकांना हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं. मला ते या प्रकरणातलं सर्वांत शहाणं उत्तर वाटतं, कारण त्याने निर्णय गावातल्या धर्मगुरूकडे आणि कुटुंबाकडे परत पाठवला. ते तसंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

मधल्या काळात एक चिनी आवाज अधिकारपदावर पोहोचला होता. लुओ वेनझाओ फूआनचेच, स्वतः डॉमिनिकन, आणि 1685 साली ग्वांगझोउला दीक्षाविधी झालेले पहिले चिनी बिशप. विधींच्या बाबतीत त्यांचं मत आपल्याच संघातल्या स्पॅनिश बांधवांपेक्षा वेगळं होतं. ते जेझुइटांच्या बाजूला झुकत होते. ज्याचा जन्म त्याच गावांत गेला आणि ज्याची निष्ठा डॉमिनिकन संघाशी होती, असा माणूस काय सांगतो हे ऐकण्यासारखं होतं. 1691 साली ते वारले. त्यांच्यानंतर चिनी बिशप नेमले गेले ते थेट 1926 साली. मधली 235 वर्षं त्या पदांवर एकही चिनी माणूस नव्हता, आणि हा वाद नेमका त्याच काळात निकाली निघाला.

मेग्रोंच्या हुकमानंतर प्रकरण पुन्हा रोमला गेलं. जेझुइटांनी 30 नोव्हेंबर 1700 रोजी कांग्शीपुढे अर्ज ठेवला: हे विधी नागरी आहेत, धार्मिक नव्हेत, ही आमची समजूत बरोबर आहे का? बादशहाने बरोबर आहे म्हणून सांगितलं. रोममध्ये या उत्तराचा उलटा परिणाम झाला. ख्रिस्ती नसलेल्या राजाने ख्रिस्ती श्रद्धेचा निवाडा का करावा, असा आक्षेप आला, आणि तो तसा रास्त होता. पण त्याच सुमारास चिनी ख्रिस्ती लोकांनीही लेखी साक्षी दिल्या. वेगवेगळ्या शहरांतून चारशेहून अधिक जणांनी सह्या केल्या: आम्ही पाटीपुढे वाकतो तेव्हा मनात काय असतं, आमचे आईबाप हे कसं समजत आले, ग्रंथ काय सांगतात. राजाला अधिकार नाही हे मान्य केलं तरी या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांबद्दल तो आक्षेप लागू नव्हता. त्या साक्षी रोमला पोहोचल्या, पण निकाल त्यांच्या बाजूने फिरला नाही.

20 नोव्हेंबर 1704 रोजी पोप अकरावे क्लेमेंट यांनी बंदीच्या निकालावर शिक्कामोर्तब केलं. बादशहाशी बोलायला पाठवलेले पोपचे वकील तूर्नों चीनला पोहोचले ते त्यानंतर, 1705 च्या एप्रिलात.

तूर्नों वाटेत पाँडिचेरीला थांबले होते. 1704 च्या जूनमध्ये तिथे त्यांनी दक्षिण भारतातल्या ख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींविरुद्ध हुकूम काढला. आजारपणामुळे आत, या रीती जिथे चालत त्या मदुराईपर्यंत, ते जाऊ शकले नव्हते. पण त्या हुकमात एक कलम असंही होतं, की अस्पृश्य मानलेल्या ख्रिस्ती आजाऱ्याच्या घरी जायला धर्मगुरूने नकार देऊ नये. आपण महाराष्ट्रातली माणसं हे कलम वाचून थबकलो नाही तर नवल. स्थानिक रीत सांभाळण्याच्या नावाखाली जात सांभाळली जात होती आणि परक्या वकिलाने तिथे नेमकं बोट ठेवलं. म्हणून प्रत्येक प्रथेला संस्कृती म्हणत कवटाळावं असं मी म्हणणार नाही. पाटीपुढे वाकण्यात कुणाची माणुसकी नाकारली जात नव्हती. धर्मगुरूने आजाऱ्याच्या दारात न जाण्यात ती नाकारली जात होती. हा फरक करायला हवा होता.

1706 च्या ऑगस्टमध्ये कांग्शीने चिनी ग्रंथांचे जाणकार म्हणून पुढे आलेल्या मेग्रोंना बोलावून घेतलं. बादशहा तेव्हा चीनच्या प्रसिद्ध भिंतीच्या उत्तरेला, रेहे इथल्या उन्हाळी मुक्कामात होता. मेग्रोंना फुजियानची बोली येत होती, दरबारची भाषा नाही. दुभाषी लावावा लागला. सिंहासनामागे चार अक्षरं लिहिलेली होती. बादशहाने ती वाचायला सांगितली. मेग्रोंना त्यातलं एकच ओळखता आलं, असं दरबारातल्या जेझुइटांच्या वृत्तांतात आहे. कांग्शी चिडला. दाराबाहेर उभा राहिलेला, घरात कधी न शिरलेला माणूस आतल्या गोष्टींवर बोलतो, तसं हे आहे, अशा अर्थाचं त्याने म्हटलं. मेग्रोंना हद्दपार करण्यात आलं. मेग्रो मूर्ख नव्हते, वीसेक वर्षं ते चीनमध्ये राहिले होते. पण ज्या ग्रंथांच्या आधारावर ते हजारो घरांची रीत चुकीची ठरवत होते, ते ग्रंथ स्थानिक पंडिताशिवाय त्यांना पेलणारे नव्हते, आणि पंडितांच्या मताला त्यांनी किंमत दिली नव्हती.

यानंतर मिशनऱ्यांची कोंडी झाली. बादशहाचा आदेश निघाला: ज्याला चीनमध्ये राहायचं त्याने रिचींच्या रीतीने चालेन असं सांगून परवाना घ्यावा, नाहीतर देश सोडावा. 1707 च्या सुरुवातीला तूर्नों यांनी नानजिंगहून उलट आदेश काढला: विचारणा झाली तर विधी निषिद्ध आहेत असंच सांगायचं, नाहीतर धर्मबहिष्कार. परवाना घ्यावा तर चर्च बाहेर काढणार, न घ्यावा तर बादशहा. कुणी घेतला, कुणी निघून गेले. ज्या गावांतून धर्मगुरू गेले तिथे बाप्तिस्मा, पापनिवेदन, अंत्यसंस्कार अडले. तूर्नों माकावमध्ये पोर्तुगिजांच्या नजरकैदेत 1710 साली वारले.

1715 साली पोपने बंदी पुन्हा जाहीर केली आणि चीनला जाणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याला ती पाळण्याची शपथ लावली. मेझाबार्बा नावाच्या दुसऱ्या वकिलाने 1721 साली आठ सवलती देऊन पाहिल्या. त्यांत फक्त मृताचं नाव लिहिलेली पाटी ठेवायची मुभा होती. मला तो तोडगा चांगला वाटतो. 1742 साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्या सवलतीही रद्द केल्या.

तोवर चीनमध्ये वारं फिरलं होतं. 1723 साली तक्रार उठली ती फूआनमधूनच, आणि 1724 साली नवा बादशहा योंगझेंग याने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. त्यामागे सिंहासनाच्या वारशाचे झगडे होते, गुप्त पंथांची भीती होती. सगळा दोष विधींच्या वादाला देता येणार नाही. पण ख्रिस्ती माणूस पूर्वजांना मानत नाही, हे वाक्य अधिकाऱ्यांच्या हाती आयतं आलं होतं.

एक गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याला सरळ छेद देते. फूआनचे ख्रिस्ती कडक नियम पाळणारे होते. पाट्या सोडलेल्या, कुळाशी वाकडं घेतलेले. 1747 साली त्यांचे बिशप पेद्रो सान्झ यांचा फूजोमध्ये शिरच्छेद झाला. तरी तो समाज टिकला. अविवाहित राहून प्रार्थनेला वाहून घेतलेल्या तिथल्या बायकांनी घराघरांत श्रद्धा जपली, आणि आजही तो भाग चीनमधल्या दाट कॅथलिक वस्तीचा आहे. उलट शू ग्वांगचींसारख्या मोठ्या अधिकाऱ्यांचा वर्ग चर्चपासून दूर गेला आणि पुन्हा तसा आला नाही. थोडक्यात, बंदीमुळे श्रद्धा मेली नाही, पण तिच्यापुढचा एक रुंद रस्ता बंद झाला.

याच काळात, 1736 साली, गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती लोकांच्या घरातली तुळस, धोतर, चोळी, लग्नातल्या जुन्या रीती यांवर बंदीचा जाहीरनामा काढला होता. स्टीफन्सना जाऊन तेव्हा शंभराहून अधिक वर्षं झाली होती. विचारांची दिशा दोन्हीकडे एकच होती.

शेवट 8 डिसेंबर 1939 रोजी झाला. रोमने जाहीर केलं की कन्फ्यूशियससमोर आणि मृताच्या नावाच्या साध्या पाटीसमोर मान झुकवायला हरकत नाही. मिशनऱ्यांची शपथही रद्द झाली. आधार काय घेतला? मांचुरियातल्या आणि जपानमधल्या सरकारांनी असे विधी नागरी आहेत असं सांगितलं होतं, आणि काळाच्या ओघात त्यांचा अर्थ बदलला आहे. म्हणजे सरकारचं स्पष्टीकरण आता चाललं. कांग्शीने 1700 साली तेच दिलं होतं. 1971 साली तैवानमध्ये कार्डिनल यू बिन यांनी चिनी नववर्षाला पूर्वजांना वंदन करण्याचा विधी स्वतः पुढे होऊन केला, आणि आज तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये तो नेहमीचा झाला आहे.

प्रोटेस्टंटांनी हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आणि तो त्यांच्याकडे मिटलेला नाही. 1890 साली शांघायच्या मिशनरी परिषदेत अमेरिकी मिशनरी विल्यम मार्टिन यांचा पूर्वजपूजेबाबत सहिष्णुता दाखवा असा निबंध मांडला गेला. चायना इनलँड मिशनचे संस्थापक हडसन टेलर यांनी कडाडून विरोध केला, आणि निबंधाशी असहमत असलेल्यांनी उभं राहावं असं आवाहन केल्यावर सभागृहातले बहुतेक उभे राहिले. त्या भूमिकेचा ठसा अजून आहे. बहुतांश चिनी प्रोटेस्टंट चर्च अंत्यविधीत धूप हातात घेऊ देत नाहीत. कुटुंबं आपापल्या परीने वाट काढतात: कुणी छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या, दिवशी थडगं साफ करून फुलं ठेवतं, कुणी पाटीऐवजी फोटो लावून त्यापुढे प्रार्थना करतं, कुणी वंशावळ वाचून दाखवतं. जिथे आईवडील ख्रिस्ती नाहीत आणि मुलगा एकटाच आहे, तिथे हे जमत नाही, आणि अशा घरांत आपल्या मागे धूप कोण लावणार, या एका काळजीने म्हातारी माणसं मुलाच्या बाप्तिस्म्याला नकार देतात.